दोन मोटरचं विमान घेतोयस म्हणून

नाशिक
१६ नोव्हेंबर

प्रिय दिलीप,

परवा फोन मध्येच तुटला आणि नंतर बोलणं राहूनच गेलं. तसंही हे सगळं फोनवर सांगून झालं नसतं, म्हणून निवांत लिहायला बसलोय. इतकी वर्षं एका मोटरची, रेडिओवर चालणारी मॉडेल विमानं उडवून तू आता दोन मोटरच्या विमानाकडे वळतोयस, याचा मला मनापासून आनंद झालाय. तुझा हात तयार आहे आणि रडर (शेपटीवरची, नाक डावी-उजवीकडे फिरवणारी उभी पट्टी) वापरायची सवय तुला पहिल्यापासून आहे. आपल्यातले कितीतरी जण नुसत्या एलेरॉनवर (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांवर) वळतात आणि डावा अंगठा थ्रॉटलपुरताच, म्हणजे मोटरचा जोर कमी-जास्त करण्यापुरताच, वापरतात. दोन मोटरच्या विमानात त्यांचं अवघड होतं.

तू दोन मॉडेलचे फोटो पाठवलेस, दुसऱ्या महायुद्धातल्या पी-३८ लाइटनिंग या लढाऊ विमानाचा आणि डाकोटा या मालवाहू विमानाचा. दोन्ही विमानं देखणी आहेत. डाकोटाकडे तुझा ओढा का आहे तेही मला ठाऊक आहे. तुझे आजोबा १९४७ मध्ये डाकोटातूनच श्रीनगरला उतरले होते आणि ती हकिगत आपण दोघांनी ओसरीवर बसून त्यांच्या तोंडून ऐकलीय. तरीही पहिलं दुइंजिनी विमान म्हणून या दोन्हींतलं एकही घेऊ नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे.

एका मोटरच्या विमानात मोटर बंद पडली की ते ग्लायडर होतं. नाक जरा खाली घेतलं, वेग राखला, उतरवलं. दोन मोटरपैकी एक बंद पडली, तर उरलेली मोटर विमानाला पुढे ओढते आणि त्याच वेळी बाजूलाही फिरवते. जोडीतला एक बैल बसला आणि दुसरा ओढतच राहिला तर गाडी वळते, तसं. हे फिरणं अडवायला तुझ्या हातात शेपटीचा उभा पंख आणि त्यावरचा रडर एवढंच असतं. रडरचा जोर हवेच्या वेगावर ठरतो. वेग निम्मा झाला की तो पाव होतो. मोटरचा जोर मात्र वेग घटला म्हणून घटत नाही, उलट थोडा वाढतो. त्यामुळे प्रत्येक दुइंजिनी विमानाचा एक वेग असा असतो, ज्याच्या खाली रडर पूर्ण दिला तरी नाक सरळ राहत नाही. छोट्या दुइंजिनी प्रवासी विमानांच्या वेगमापकावर त्या वेगाला लाल रेघ असते. आपल्याला तो जमिनीवर उभं राहून, विमानाच्या चालीवरून ओळखावा लागतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मैदानावर एकाचं पी-३८ पडलं, ते मी जवळून पाहिलं. धावपट्टीवरून उठलं, नाक जरा लवकरच वर घेतलेलं होतं, आणि तीनेक माणसांच्या उंचीवर असताना डावी मोटर गेली. आवाज बदलला हे आम्हा सगळ्यांना नंतर आठवलं. त्या क्षणी दिसलं ते एवढंच, की नाक डावीकडे जातंय आणि डावा पंख खाली झुकतोय. त्याच्या हातांनी सवयीप्रमाणे काम केलं. पंख झुकला म्हणून उजवा एलेरॉन, नाक पडतंय म्हणून एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी पट्टी) मागे. आता बघ, डाव्या पंखावर प्रॉपचा, म्हणजे मोटरच्या पंख्याचा, वारा नाही, त्यामुळे तो आधीच कमी उचलतोय. उजवा एलेरॉन द्यायचा म्हणजे डावीकडचा एलेरॉन खाली येतो आणि त्याच कमजोर पंखाचा कोन आणखी वाढतो. वर एलिव्हेटर ओढल्याने उरलासुरला वेगही गेला. डावा पंख स्टॉल झाला, म्हणजे त्याने उचलणंच सोडलं, विमान पाठीवर पलटलं आणि नाकावर आलं. थ्रॉटल शेवटपर्यंत पूर्ण वर होतं. अवशेष उचलताना कळलं, डाव्या मोटरच्या एका वायरचा बुलेट कनेक्टर सोल्डरपाशी सुटला होता.

म्हणून माझ्या लेखी पहिला नियम हा: तू न सांगता नाक एका बाजूला गेलं की आधी थ्रॉटल खाली. कुठली मोटर गेली याचा विचार त्यानंतर. विमान तुझ्याकडे तोंड करून येत असेल तर डावं-उजवं उलटं दिसतं, आणि त्या अर्ध्या सेकंदात बरोबर उत्तर येईल याची खात्री मी स्वतःबद्दलही देणार नाही. थ्रॉटल खाली आलं की दोन्ही बाजू सारख्या होतात आणि तुझ्या हातात ओळखीचा ग्लायडर उरतो. हाताशी उंची असेल तर मग थोडं थोडं थ्रॉटल दे, रडरने नाक धर, चालू मोटरच्या बाजूला विमान किंचित झुकतं ठेव आणि मोठं वळण घेऊन मैदानावर ये. उंची नसेल तर समोर जे दिसेल तिथे उतरव. शेतात उतरलेलं विमान दुरुस्त होतं.

हे वाचून कळतं, पण हातात बसत नाही. त्यासाठी आम्ही रेडिओवरच एक सोय केलीय. दोन मोटर दोन वेगळ्या चॅनेलवर घ्यायच्या आणि एका स्विचने त्यातली वाटेल ती एक आयडलवर (म्हणजे बंद) यावी असं मिक्स लावायचं. तुझा नवा रेडिओ एजटीएक्स या सॉफ्टवेअरवर चालतो, त्यावर हे दहा मिनिटांचं काम आहे. विमान चांगलं उंच न्यायचं, शेजारी उभ्या राहिलेल्या सवंगड्याच्या हाती तो स्विच द्यायचा आणि त्याने न सांगता, वाटेल तेव्हा वाटेल ती बाजू बंद करायची. पहिल्यांदा छातीत धस्स होतं. नंतर डावा अंगठा आपोआप खाली यायला लागतो, आणि तो आपोआप यायला लागला की समजायचं आपण दोन मोटरचं विमान उडवायला लागलो. स्विच परत केला की दोन्ही मोटर हजर, म्हणजे जोखीम फारशी नाही. एक मोटर अशी बंद ठेवून हळूहळू वेग कमी करत गेलास, तर रडर कुठे अपुरा पडतो तेही दिसतं. तुझ्या विमानाची लाल रेघ ती. पण हे सगळं उंचावरच.

आता निवडीकडे. मॉडेल बघताना रंगरूप बाजूला ठेव आणि त्याचा वरून काढलेला नकाशा बघ. मोटर विमानाच्या मध्यरेषेपासून किती लांब आहे आणि शेपटी सीजीपासून (गुरुत्वमध्यापासून) किती मागे व केवढी आहे, या दोन मापांत जवळजवळ सगळं आलं. मोटर आत आणि शेपटी लांब, मोठी असेल तर ते विमान तुला सांभाळून घेईल. ओझरहून उठणारी सुखोई आम्ही रोजच बघतो. तिची दोन इंजिनं पोटाखाली एकमेकांच्या शेजारी आहेत, त्यामुळे एक गेलं तरी नाक फारसं फिरत नाही. प्रॉपच्या विमानाला तेवढं आत येता येत नाही, कारण प्रॉपची पाती धडाला लागतील. सेस्ना स्कायमास्टरने यावर वेगळाच तोडगा काढला, एक इंजिन नाकात आणि एक पाठीमागे. तिथे बाजूला ओढलं जाणंच नाही. पण तिच्यातही एक खोच होती. मागचं इंजिन चालू नसल्याचं लक्षात न येता वैमानिक उड्डाणाला निघाल्याचे अपघात झालेले आहेत. मॉडेलमध्येही मागची मोटर गेली तर कळत नाही, विमान फक्त सुस्त होतं. तरी शिकायला ते वाईट नाही.

माझी पहिली पसंती ट्विन ऑटर. मूळ विमान कॅनडाच्या डी हॅविलंडचं, १९६५ साली पहिल्यांदा उडालं, आणि नेपाळात लुक्लाच्या आखूड, चढणीच्या धावपट्टीवर वर्षानुवर्षं उतरतंय. आखूड जागेत हळू उडण्यासाठीच ते बनवलं, आणि तो गुण मॉडेलमध्येही उतरतो. पंख धडाच्या वर, मुळापासून टोकापर्यंत एकाच रुंदीचा, त्यामुळे टोक आधी स्टॉल होत नाही. उंच शेपटी, पुढचं चाक, मोठे फ्लॅप. तयार फोममध्ये ते मिळतं. त्याहून साधं हवं असेल तर मल्टिप्लेक्सचं ट्विनस्टार, हातातून फेकायचं आणि गवतात पोटावर उतरवायचं. दिसायला कुठल्याच खऱ्या विमानासारखं नाही, पण शिकवतं चांगलं.

आणि स्वतः बनवायची हौस असेल, जी तुला आहे, तर डॉर्निअर २२८ कर. कानपूरला एचएएल ती बनवते, तटरक्षक दलाकडे आहेत, आणि २०२२ मध्ये ती दिब्रुगड–पासीघाट मार्गावर प्रवासी न्यायला लागली. धड चौकोनी पेटीचं, त्यामुळे सनबोर्ड किंवा डेप्रॉनच्या फोम शीटमधून सहज निघतं. तिचं मॉडेल मैदानावर आणलं की लोक हमखास विचारपूस करतात, कारण आपल्याकडे सगळे जण तीच ती युद्धातली विदेशी विमानं घेऊन येतात.

लढाऊ किंवा बॉम्बफेकं हवंच असेल तर बी-२५ मिचेल बघ. तिला दोन उभ्या शेपट्या आहेत आणि त्या साधारण मोटरांच्या मागे येतात. चालू मोटरचा वारा थेट आपल्या बाजूच्या रडरवर पडतो, म्हणजे हळू वेगातही रडरला काहीतरी जोर राहतो.

पी-३८ लाही दोन शेपट्या आहेत, मग तिला नाही का म्हणतो? एकतर पंख टोकाकडे निमुळता आहे आणि मॉडेल सहसा जड होतं, त्यामुळे टोक स्टॉल व्हायची भीती मोठी. दुसरं म्हणजे प्रॉपची दिशा. मूळ विमानाच्या पहिल्या नमुन्यात दोन्ही प्रॉप वरून आतल्या बाजूला फिरायचे. त्याने शेपटी थरथरायची, म्हणून पुढे ते बाहेरच्या बाजूला फिरवले. नाक वर असताना खाली येणारं पातं जास्त ओढतं, आणि बाहेर फिरणाऱ्या प्रॉपचं ते पातं धडापासून लांबच्या बाजूला येतं. म्हणजे कुठलीही मोटर गेली तरी उरलेली जास्तीत जास्त लांबून ओढते. तू पुढेमागे पी-३८ केलीस तर प्रॉप आत फिरव. मोटरच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की दिशा उलटते, मग त्या बाजूला उलट्या फिरकीचा प्रॉप लावायचा. आपल्या आकाराच्या साध्या विमानात मात्र दोन्ही एकाच दिशेला फिरले तरी चालतं, उठताना थोडा उजवा रडर लागतो इतकंच. महायुद्धातल्या ब्रिटिश मॉस्किटो विमानाची दोन्ही मर्लिन इंजिनं एकाच दिशेला फिरायची, विमान धावताना डावीकडे जायचं, म्हणून वैमानिक डाव्या इंजिनाचं थ्रॉटल जरा पुढे ठेवून धाव सुरू करत.

डाकोटाची गोष्ट वेगळी. इंजिनं धडाजवळ आहेत, शेपटी मोठी आहे, आणि नीट बनवली तर ती सुरेख उडते. पण तिचं शेपटीचं चाक, निमुळते पंख आणि लांब नाक यांची सवय व्हायला हवी. ती तू उडवशील आणि मी ती बघायला येईन. मूळ पंखविस्तार साधारण २९ मीटर, म्हणजे विसाव्या हिश्श्याने १ मीटर ४५ सेंटिमीटर, आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर मावेल असा. पंखाच्या टोकाला दोन-तीन अंश वॉशआउट (टोकाची पुढची कड खाली राहील असा पीळ) दे. आणि रंग हवाई दलाच्या व्हीपी ९०५ चा दे, ज्याला परशुराम हे नाव दिलंय आणि जे दुरुस्त होऊन २०१८ साली पुन्हा हवाई दलात आलं. आजोबा असते तर त्यांना ते आवडलं असतं.

आता वायरिंग. दोन मोटरची विमानं वाया जातात ती बहुतेक इथे. समज, तयार विमान दीड किलोचं आहे. किलोला २०० वॅट धरले तर ३०० वॅट, म्हणजे प्रत्येक मोटरला १५०. तीन सेलच्या लायपो बॅटरीवर भाराखाली ११ व्होल्ट धर, प्रत्येकी १४ अँपिअरच्या आसपास येतात. आपली नेहमीची २२१२, १००० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे) मोटर, ९ किंवा १० इंची प्रॉप आणि ३० अँपिअरचे ईएससी (मोटरचा वेग ठरवणारे कंट्रोलर) यात बसतात. प्रॉप अंदाजाने ठरवू नकोस, वॉटमीटर लावून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोज. मला तर दोन्हींचा आकडा एकमेकांच्या पाच टक्क्यांत आल्याशिवाय विमान बाहेर न्यावंसं वाटत नाही.

बॅटरी एकच ठेव. प्रत्येक मोटरला वेगळी बॅटरी देणं वरवर सुरक्षित वाटतं, पण एक आधी संपते आणि मोटर बंद पडण्याचं संकट आपणच तयार करतो. दोन बॅटऱ्या लावायच्याच असतील तर सारख्या क्षमतेच्या, सारख्या भरलेल्या आणि पॅरलल.

दोन्ही ईएससीच्या सर्व्हो वायरी रिसीव्हरला जातात, आणि दोन्हींत बीईसी (रिसीव्हरला वीज पुरवणारा भाग) असतो. एकीची लाल वायर प्लगमधून काढून टेप लावून ठेव, नाहीतर दोन बीईसी एकमेकांशी झगडतात. मग दोन्ही ईएससींना थ्रॉटलची रेंज एकाच वेळी शिकव, म्हणजे स्टिक थोडी सरकवताच दोन्ही मोटर एकदम फिरायला लागतील. एक आधी सुरू झाली तर धावपट्टीवर विमान लगेच तिरकं जातं.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे कमी व्होल्टेजला होणारा कटऑफ. बॅटरी एकच असली तरी दोन ईएससी तीच पातळी जराशी वेगळी ओळखतात. बॅटरी संपत आली की एक आधी मोटर तोडतो, आणि तेही नेमकं उतरायच्या वेळी, वेग कमी असताना. म्हणून दोन्हींचा कटऑफ सर्वांत खालच्या पातळीवर आणि हळूहळू ताकद कमी करणारा ठेव, आणि त्याच्यावर कधी वेळच येऊ देऊ नकोस. ३००० एमएएचच्या बॅटरीला ६ मिनिटांचा टायमर लाव. वाजला की उतर.

लांब वायरींबद्दलही सांगतो. ईएससी नॅसेलमध्ये (पंखावरच्या मोटरच्या घरात) ठेवला तर बॅटरीपासूनची वायर लांब होते, आणि त्या लांबीने ईएससीच्या कपॅसिटरवर ताण येतो. शक्यतो ईएससी धडाजवळ, हवा लागेल असा ठेव आणि मोटरकडच्या तीन वायरी वाढव. कनेक्टर सोल्डर केल्यावर प्रत्येक सांधा जोरात ओढून बघ. त्या पी-३८ चा सांधा दिसायला चकचकीत होता.

मोटर बसवताना प्रत्येकीचं तोंड दोन अंश बाहेरच्या बाजूला ठेव. त्याने ओढ सीजीच्या जवळून जाते आणि एक मोटर गेल्यावरचं फिरणं कमी होतं. जायरोवाला (विमान आपोआप स्थिर ठेवणारा) रिसीव्हर पहिल्या काही उड्डाणांना नको. तो गुपचूप रडर देत राहतो आणि गडबड आहे हे तुला उशिरा कळतं.

कपाटातल्या त्या दोन ग्लो इंजिनांबद्दल (इंधनावर चालणाऱ्या छोट्या इंजिनांबद्दल) विचारलं होतंस. पहिल्या विमानाला नको. ग्लो इंजिनावर दोन मोटरचं विमान करायचं तर दोन्ही इंजिनं स्टँडवर टाक्यांमागून टाक्या चालवून विश्वासाची करावी लागतात, सुई जरा श्रीमंत (इंधन थोडं जास्त जाईल अशी) ठेवावी लागते, विमान हातात धरून नाक आकाशाकडे करून पूर्ण थ्रॉटलला कुठलं इंजिन अडखळतंय ते बघावं लागतं. ते काम सुंदर आहे, पण वेगळं आहे. मात्र एक सुख दोन्हींत सारखंच मिळतं. दोन मोटरचे फेरे जवळ आले की आवाजात संथ लाटा ऐकू येतात. एकीचं ट्रिम (थ्रॉटलची बारीक जुळणी) थोडं थोडं हलवत गेलं की लाटा लांब लांब होतात आणि मग दोन्ही आवाज एकच होतात. आवाज एक झालेलं विमान डोक्यावरून जातं, तेव्हा मैदानावरची सगळी माणसं बोलायची थांबतात. त्या एका आवाजासाठी मी ही विमानं उडवतो, दिलीप.

उडवताना फार वेगळं काही नाही. उठताना थ्रॉटल सावकाश दे, विमान जमिनीवर जरा जास्त धावू दे, वेग आल्याशिवाय नाक उचलू नकोस, आणि पहिली चढण उथळ ठेव. उतरताना थोडं थ्रॉटल अखेरपर्यंत ठेव. ट्विन ऑटरच्या पंखावर प्रॉपचा वारा पडत असतो, तो एकदम काढून घेतलास तर विमान धपकन खाली येतं. मैदान डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नकाशावर हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या, पट्ट्यात आहे ना ते आधी बघ, आणि ४०० फुटांच्या खाली राहा. आम्हाला ओझर आणि देवळाली दोन्ही टाळून सिन्नरच्या पलीकडे माळावर जावं लागतं. आता फेब्रुवारीपर्यंत सकाळी वारा नसतो. पहिलं उड्डाण त्या दिवसांत कर.

चार मोटरचं विचारलंस, ते सावकाश बोलू. इतकंच लक्षात ठेव की चारात बाहेरची एक जाणं आतली जाण्यापेक्षा वाईट, म्हणून बाहेरच्या दोन एका चॅनेलवर आणि आतल्या दोन दुसऱ्यावर घेतात.

डॉर्निअर करायचं ठरवलंस तर शीट कापायच्या आधी मला दोन मापं पाठव, मोटरचं मध्यरेषेपासूनचं अंतर आणि उभ्या शेपटीचं क्षेत्रफळ. शेपटी मूळ नकाशापेक्षा दहा टक्के मोठी करायला मी सांगणार आहे, तेव्हा तेवढी शीट जास्तीची आण. डिसेंबरच्या सुट्टीत मी तिकडे येतोय, माझा वॉटमीटर घेऊन येईन. त्या स्विचवर बोट ठेवायला सवंगडी लागेलच, तो मी.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुधीर